निष्ठावंताचा खिसा

क्लबच्या धुलाईखोलीचा पहिला नियम असा, की कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसा उलटा करायचा. हा नियम मावशींनी स्वतः केला होता. एकदा राखीव गोलकीपरच्या खिशात बॉलपेन राहिलं आणि त्या शनिवारी आपला पांढरा संघ फिकट निळ्या रंगात खेळला. समोरचा संघही निळाच होता. सामना आपण एक-शून्यने जिंकला, पण तो गोल नक्की कोणाचा, यावर जाणकारांत अजून एकमत नाही.

मावशी म्हणजे सगळ्यांच्याच मावशी. अडुसष्ट वर्षांचे अध्यक्षही छप्पन्न वर्षांच्या या बाईंना मावशीच म्हणत. त्यांचे यजमान मैदान सांभाळायचे. त्यांना सगळे माळीबुवा म्हणायचे. सव्वीस वर्षांत माळीबुवा गवताशी जेवढं बोलले तेवढं बायकोशी बोलले नसतील, पण मावशींची त्याबद्दल तक्रार नव्हती. गवतही उलट उत्तर देत नाही म्हणून दोघांचं जमायचं. राहायला मैदानामागे क्लबच्याच दोन खोल्या होत्या. नोकरी गेली तर खोल्याही जाणार, हे दोघांना ठाऊक होतं आणि सव्वीस वर्षांत त्याचा विचार करायची वेळ आली नव्हती.

ती वेळ नऊ नंबरच्या गुडघ्याने आणली.

नऊ नंबर म्हणजे आपला सर्वांत जास्त गोल करणारा खेळाडू. एका शनिवारच्या सामन्यात बाराव्या मिनिटाला तो एकटाच पळत होता. जवळ कोणी नव्हतं, चेंडूसुद्धा नव्हता. आणि तो गुडघा धरून खाली बसला तो उठलाच नाही. सामन्यानंतर कोच बोलले. कोच सहा महिन्यांपूर्वी आले होते, कायम इस्त्रीचा ट्रॅकसूट, खिशात लहानशी डायरी आणि पेन्सिल. ते म्हणाले, "मुलाने जीव तोडून खेळ केला. मैदानाने दगा दिला."

आता, क्लबच्या चाहत्यांचा फोनवर एक कट्टा होता. त्यावर अकराशे सभासद होते, आणि अकराशेच्या अकराशे कोच होते. त्यातले साडेतीनशे गुडघ्याचे सर्जनही होते. त्या संध्याकाळी कट्ट्यावर एवढी शस्त्रक्रिया झाली, की नऊ नंबरला निदान चार गुडघे असावेत असं वाटावं. त्या गर्दीत 'निष्ठावंत' नावाच्या सभासदाने बरोबर आठ वाजता लिहिलं:

"मैदान आहे की बटाटे काढलेलं शेत? गुन्हेगार फावडं घेऊन उजळ माथ्याने फिरतोय. माळ्याला हाकला!"

मग काय विचारता. 'डावा पाय' म्हणाला, "म्हाताऱ्याला घरी बसवा." 'गच्चीवरून' म्हणाला, "घरी कशाला, त्यालाच पळवा त्या मैदानावर, दोन्ही गुडघे जातील तेव्हा कळेल." कोणीतरी माळीबुवांचा फोटो टाकला, त्यावर बटाट्यांची टोपली चिकटवली. एकूण दोनशे बारा जणांनी आपापलं योगदान दिलं.

दुसऱ्या गावी दिलेल्या लेकीचा फोन आला. "आई, बाबांबद्दल हे काय लिहितायत गं लोक?"

मावशींनी चष्मा लावला आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा प्रतिक्रिया वाचल्या. डाग कुठला, कोणाचा आणि कशाने निघेल, हे बघण्याची त्यांना सवय होती. प्रत्येक नाव त्यांनी तसंच मनात ठेवलं. माळीबुवांना काही सांगितलं नाही. ते बाहेर बाराव्या मिनिटाच्या जागेवर गुडघे टेकून, हाताने गवत चाचपत होते.

"अहो, काय शोधताय?"

"खड्डा," ते म्हणाले. "सापडत नाहीये गं. पण असणार. कोच म्हणतात म्हणजे असणार."

मावशींना राग आला तो इथे.

कारण एक गोष्ट त्यांना माहीत होती. सरावासाठी मावशी प्रत्येक खेळाडूला जाळीच्या पिशवीत धुतलेला शर्ट, चड्डी, मोजे भरून द्यायच्या आणि तोंड नाडीने बांधायच्या. खेळाडूने पिशवी सोडायची, सराव करायचा, घामट कपडे त्याच पिशवीत कोंबून टोपलीत टाकायची. मावशी डावखुऱ्या. त्यांच्यासारखी गाठ क्लबमध्ये दुसऱ्या कोणाला मारता येत नसे. आणि त्या सामन्याच्या आधी बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस नऊ नंबरची पिशवी टोपलीत परत आली होती ती मावशींचीच गाठ घेऊन. आत कपडे कोरडे, घडी मोडलेली नाही. पोराने तीन दिवस सराव केलाच नव्हता. मैदानावर पाऊल टाकण्याआधीच गुडघा गेलेला होता.

सोमवारी नऊ नंबर कुबड्या घेऊन धुलाईखोलीत आला. आपले मोजे न्यायचे होते म्हणाला. मोजे घेऊन दहा मिनिटं तसाच उभा राहिला.

"मावशी, काका बरे आहेत ना?"

"बरे आहेत. खड्डा शोधतायत."

तो लालेलाल झाला. "मी बोललो तर पुढच्या वर्षी संघात नसेन, मावशी."

"मी कुठे बोल म्हटलं? गुडघा सांभाळ. बोलायला दुसरे आहेत."

दुसरे म्हणजे कोण, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं. ते बुधवारी कळलं. कोचच्या ट्रॅकसूटचा खिसा उलटा करताना डायरीचं फाडलेलं पान पडलं. असली पानं नेहमीच पडायची. सरावाच्या वेळी कोच कडेला उभे राहून पेन्सिलीने सतत काहीतरी लिहीत असत आणि खेळाडू आपापसात आदराने म्हणत, "बघ, डावपेच." मावशी ती पानं न वाचता सापडलेल्या वस्तूंच्या डब्यात टाकत, चाव्या, च्युइंगम आणि एक दात यांच्या शेजारी. पण या पानावर 'माळ्याची' असा शब्द दिसला आणि त्यांनी वाचलं.

"माळ्याची बाजू घेणाऱ्यांना विचारतो: तुमच्या घरातल्या पोराचा गुडघा गेला असता तर?" त्यात 'गुडघा' खोडून 'पाय' केलं होतं, 'पाय' खोडून पुन्हा 'गुडघा'. माणूस शब्दांच्या बाबतीत काटेकोर होता.

आठ वाजता कट्ट्यावर निष्ठावंताने हेच वाक्य टाकलं. गुडघ्यासकट.

मावशींनी मशीनचं झाकण बंद केलं, डबा उपडा केला आणि कोचची सगळी पानं वेगळी काढली. एकोणीस निघाली. अठरांवर निष्ठावंताची अमृतवाणी होती: 'असा कोच भाग्यानेच लाभतो', 'कोचच्या दूरदृष्टीला विरोधकांनीही दाद दिली', आणि एकावर नुसतंच 'वा कोच!', तेही दोनदा खोडून. एकोणिसावं सामन्याच्या आधीच्या शुक्रवारचं होतं. "९ – गुडघा सुजलेला. आज पण आराम. उद्या पट्टी बांधून खेळवणे. वाच्यता नको."

एखादी साधी बाई ते पान घेऊन तडक कमिटीकडे गेली असती. पण कोचला आणलं होतं अध्यक्षांनी, आणि अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलेला कागद टेबलाला जास्त काळ जड होत नाही, हे मावशी बघत आल्या होत्या. शिवाय खरं सांगायचं, तर कमिटीकडे फार तर न्याय मिळाला असता. मावशींना न्याय नको होता.

त्यांनी एकोणीस पानांना इस्त्री केली आणि कट्ट्यावर नाव नोंदवलं. नाव घेतलं 'कोपऱ्यातला झेंडा'. सगळा सामना त्याच्यासमोर होतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही, एवढाच त्यामागचा विचार. कट्ट्याने त्यांना पहिल्याच दिवशी 'झेंडेसाहेब' करून टाकलं.

पुढच्या सरावाच्या सकाळी कोचच्या खिशातून विसावं पान निघालं आणि दुपारी चार वाजता झेंडेसाहेबांनी लिहिलं: "आज आठ वाजता निष्ठावंत लिहील, 'टीका करणं सोपं असतं, कडेला उभं राहून बघा म्हणजे कळेल'. लिहून ठेवा."

"झेंडेसाहेब, दुपारीच घेतली काय?" 'गच्चीवरून'ने विचारलं.

आठ वाजता निष्ठावंताने, वरचं काहीही न वाचता, अक्षर न अक्षर तेच लिहिलं.

कट्टा तीन मिनिटं गप्प झाला. अशी घटना कट्ट्याच्या इतिहासात पूर्वी एकदाच घडली होती, सर्व्हर बंद पडला तेव्हा. मग जो गलका उठला तो दोन दिवस टिकला. "निष्ठावंता, झेंडेसाहेबांकडे शिकवणी लावलीस का?" "झेंडेसाहेब, उद्याचं राशिभविष्यही सांगा." 'डावा पाय' म्हणाला, "हा निष्ठावंत मशीन आहे. मला पहिल्यापासून संशय होता." वास्तविक पहिल्यापासून त्याने निष्ठावंताच्या प्रत्येक वाक्याला अंगठा वर केला होता, पण तो मुद्दा वेगळा.

पुढच्या सरावात कोच डोळे लाल करून आले. खिशातलं पान निघालं, "पासवर्ड बदलला", आणि खाली नवा पासवर्ड. मावशींनी त्यालाही इस्त्री केली. वापरला मात्र नाही. दुसऱ्याच्या घरात शिरणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, खिशापर्यंत ठीक.

इथवर मजा चालली होती. पण सुडाची चव लागली की माणसाचा हात सैल सुटतो. झेंडेसाहेबांनी एका दुपारी लिहून टाकलं: "नऊ नंबरने सामन्याआधी तीन दिवस सरावाचे कपडेसुद्धा घातले नव्हते. मैदानाला विचारा, ते त्याला शनिवारपर्यंत भेटलंच नव्हतं."

खरं होतं. आणि बाहेरच्या माणसाला माहीत असणं शक्य नव्हतं.

मंगळवारी अध्यक्षांचं पत्र आलं, माळीबुवांच्या नावे. क्लबमधली गुप्त माहिती टोपणनावाने बाहेर पुरवल्याबद्दल शुक्रवारी पाच वाजता कमिटीपुढे खुलासा करावा, अन्यथा सेवा समाप्त समजून खोल्या रिकाम्या कराव्यात. मैदानाची बाजू घेणारा माणूस मैदानवाल्याशिवाय दुसरा कोण असणार, हा तर्क कोचने अध्यक्षांच्या कानात घातला होता.

माळीबुवांनी पत्र दोनदा वाचलं. "टोपणनाव म्हणजे?"

"खोटं नाव," मावशी म्हणाल्या.

"माझं खरंच कोणाला माहीत नाही, खोटं कशाला घेऊ?" त्यांनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. "खोल्या सोडायच्या झाल्या तर पाणी कोण देईल गं? नवा माणूस दुपारी देईल. दुपारी देऊ नये. लिहून ठेवायला हवं." आणि खरोखरच कागद घेऊन बसले.

मावशी आत गेल्या आणि एक धुतलेला टॉवेल पुन्हा धुतला. घाव त्यांनी कोचवर घातला होता आणि तो बसला होता नवऱ्याला. पण हात मागे घेण्याचं त्यांच्या मनातही आलं नाही. नेम तेवढा सुधारायला हवा होता.

शुक्रवारी दुपारी त्यांनी निरोप धाडला, "साहेब, तुमच्या खिशात काही राहिलंय."

कोच दारातूनच म्हणाले, "ठेवा तिकडे, बाई. पाचला मीटिंग आहे."

"म्हणून तर म्हटलं, बसा."

धुलाईखोलीत बसायला एकच जागा होती, न धुतलेल्या मोज्यांची टोपली. कोच तिच्या काठावर टेकले. मावशींनी इस्त्रीच्या टेबलावर एकेक पान मांडलं. पत्ते मांडावेत तसं, सावकाश. नवव्या पानापर्यंत कोचचा चेहरा पांढरा शर्ट झाला होता.

"ह्यांना... इस्त्री केलीत?"

"चुरगळलेलं मला बघवत नाही."

"हे माझं नाही."

"ड्रेसिंगरूमच्या भिंतीवर संघाची यादी लावता ना दर शनिवारी? तिचा नऊ आणि हा नऊ शेजारी ठेवून बघू या. शेपटी डावीकडे वळते तुमच्या नऊची." शेवटचं पान त्यांनी हातातच ठेवलं, फक्त दाखवलं. "वाच्यता नको, म्हणालात. मीही तेच म्हणते."

कोचनी घसा साफ केला. "झेंडा तुम्ही?"

"मी कपडे धुते."

"किती... म्हणजे काय हवंय तुम्हाला?"

"आज पाचला माळीबुवांच्या बाजूने बोलायचं. मनापासून. वाईट वाटल्यासारखं."

"बोलतो. झालं?"

"आणि निष्ठावंताने रोज आठला लिहायचं. मजकूर मी देत जाईन. धुतलेल्या ट्रॅकसूटच्या खिशात ठेवीन, म्हणजे तुम्हाला हिंडायला नको."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर ही वीस पानं दुसऱ्या कोणाला तरी वाचायला देईन. एकविसावं नाही देणार. त्यावर तुमचा पासवर्ड आहे. खाजगी असतं ते."

साडेसहाला माळीबुवा घरी आले ते तरंगत. "अगं, कोच देवमाणूस निघाला! भर कमिटीत म्हणाला, 'या माणसाकडे बोट दाखवणं म्हणजे पाप आहे.' डोळ्यांत पाणी होतं गं त्याच्या. अध्यक्ष सुद्धा गडबडले. आपण उगाच मनात वाईट आणलं."

"तुम्ही आणलंत कधी?"

"तू आणलंस. मला तुझा चेहरा कळतो."

सोमवारपासून निष्ठावंत पालटला. सोमवारी त्याने लिहिलं, मैदानात दोष नव्हता, आपण चुकलो. मंगळवारी लिहिलं, पेनल्टीच्या चौकोनातलं गवत बघून डोळे निवले. बुधवारी लिहिलं, नऊ नंबर आधीच दुखावलेला होता, कोचला ठाऊक होतं, पोराला जबरदस्तीने उभं केलं. "निष्ठावंता, ताप आहे का?" 'डावा पाय'ने काळजीने विचारलं. पण निष्ठावंतासारखा माणूस जेव्हा कोचच्या विरोधात बोलतो तेव्हा त्यात तथ्य असणारच, असं अकराशे जणांनी अकराशे वेगवेगळ्या शब्दांत म्हटलं. गुरुवारी निष्ठावंताने त्या दोनशे बारा जणांची नावं अनुक्रमाने छापली आणि माफी मागायला सांगितली. एकशे नव्वदांनी मागितली. उरलेल्यांचं म्हणणं पडलं की त्या संध्याकाळी त्यांचा फोन धाकट्या भावाकडे होता.

यातलं काही माळीबुवांना कळत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की लोक कुंपणापाशी थांबून हात जोडतात, आणि कोणीतरी दारात खताचं पोतं ठेवून गेलंय, वर चिठ्ठी, 'चुकलो'. त्यांनी त्याचं सगळं श्रेय कोचना दिलं आणि रविवारी त्यांना चहाला बोलावलं.

कोच आले. न येऊन सांगतात कोणाला? खुर्चीच्या टोकावर बसले. माळीबुवा भरभरून बोलले. सव्वीस वर्षांचं एका कपात.

"साहेब, तुमच्यासारखा माणूस क्लबला मिळाला नव्हता. तुम्ही आता कायमचे इथेच राहा."

"साखर किती?" मावशींनी विचारलं.

"चालेल कितीही," कोच म्हणाले.

सोमवारच्या सरावाला कोचनी धुतलेला ट्रॅकसूट अंगात घातला, खिशात हात घातला आणि शिट्टी न वाजवता तडक धुलाईखोलीत आले. हातात चिठ्ठी होती.

"हे मी कसं लिहू?"

"पेन्सिलीनेच लिहायची सवय आहे ना? आधी पेन्सिलीने लिहा, मग टाका."

"बाई, तुम्ही जे जे सांगितलंत ते मी केलं. मैदान झालं, मुलगा झाला, माफ्या झाल्या. तुमच्या घरी चहा प्यायलो. तुमचे मिस्टर मला..." त्यांनी चिठ्ठी पुढे धरली. "आणि हे? 'नालायक कोच हटवा'? माझीच हकालपट्टी मीच मागू?"

मावशींनी हातातली चड्डी झटकली. "साहेब, नीट ऐका. हरलेला कोच दुसऱ्या क्लबला मिळतो. रोज मिळतात. पकडलेला कोच मिळत नाही. लोकांनी हटवलं तर सामान बांधाल आणि कुठेतरी पुन्हा लागाल. मी हटवलं तर शिट्टी सुद्धा ठेवून जावी लागेल. मी तुमचं भलंच बघतेय."

"माळीबुवा म्हणाले, कायमचे राहा."

"ते भोळे आहेत. त्यांनी तीन आठवडे खड्डा शोधला." त्यांचा आवाज तेवढ्यापुरता बदलला. "रांगत, साहेब. सव्वीस वर्षं वाढवलेलं गवत बोटांनी विस्कटून बघत होते, आपलं कुठे चुकलं म्हणून. तुम्ही वरच्या खिडकीतून बघत होतात. मी तुम्हाला बघत होते."

मशीन घुमत होतं. कोचनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग, शब्दांच्या बाबतीत काटेकोर माणसाने शेवटी विचारावं तसं, हळूच विचारलं, "'नालायक'च्या जागी 'अपयशी' चालेल?"

मावशींनी विचार केला. माणसाने शेवटच्या क्षणी मागितलेली गोष्ट अगदीच नाकारू नये.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण मग आधी 'अत्यंत' घाला."

आठ वाजता ते कट्ट्यावर आलं, 'अत्यंत'सकट. साडेआठपर्यंत नऊशे जणांनी पाठिंबा दिला होता. शनिवारी सगळी गॅलरी उभी राहून तेच ओरडत होती आणि रविवारी अध्यक्षांनी जड अंतःकरणाने लोकमताचा आदर केला.

माळीबुवा त्या दिवशी जेवले नाहीत नीट. "चांगला माणूस टिकू देत नाहीत बघ," ते म्हणाले. "हा निष्ठावंत म्हणून कोण मेला आहे म्हणे, त्याने सुरुवात केली. एकदा समोर यायला हवा."

"घ्या अजून थोडं," मावशी म्हणाल्या आणि वाढलं.